लेकीच्या गावचं पाणी

माझ्या वडिलांनी माझ्याविरुद्ध हायकोर्टात शपथपत्र केलं, आणि ते करताना आपण लेकीचं कौतुकच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे कुणाला सांगायला गेले की माणसं आधी हसतात. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

मी आमच्या गावची सरपंच. जागा बाईसाठी राखीव सुटली, घरात बारावी झालेली मी एकटीच, म्हणून मला उभी केली आणि मी निवडून आले. लोकांचा हिशेब असा होता की बाई सह्या करील आणि कारभार मालक बघतील. मालक म्हणजे माझे यजमान. ते गरीब स्वभावाचे, शेतीतून मान वर काढायला त्यांना सवड नाही, आणि माझं तोंड लहानपणापासून तिखट. त्यामुळे सह्याही मीच केल्या आणि भांडणंही मीच केली. मुलीच्या कॉलेजासाठी शहरात, पुंडलिकनगरात, दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. कधी मी तिथे असते, कधी गावात, आणि दोन्हीकडची माणसं मी दुसरीकडेच असते म्हणून कुरकुरतात.

भांडण पाण्याचं होतं. सरकारने पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतींना विशेष अनुदान द्यायची योजना काढली, पण ती ठरावीक तालुक्यांपुरती. आमच्याकडे एक ओढा आहे, तीच तालुक्याची शीव. ओढ्यापलीकडच्या गावांना अनुदान, अलीकडच्यांना काही नाही. पाऊस काही ओढा बघून पडत नाही, पण हे सांगायचं कुणाला? तहसीलला अर्ज दिले, जिल्हा परिषदेत खेटे घातले. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, तुमचा तालुका यात बसत नाही. शेवटी ग्रामसभेने ठराव केला की कोर्टात जायचं. त्या दिवशी झाडून सगळ्यांचे हात वर होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नंतर बघते तर गावात सगळे शहाणेच निघाले. औरंगपुऱ्यात वकीलसाहेबांच्या जिन्यावर पोचलो ते आम्ही तिघंच. मी, मालक आणि आमचे उपसरपंच.

वह्यापुस्तकांच्या एका दुकानावर साहेबांचं ऑफिस आहे. खाली रिक्षा आणि मोटरसायकलींचे हॉर्न इतके वाजतात की साहेब मधेच बोलायचे थांबून खिडकी लावून घेतात. त्यांनी आम्हाला संविधानाचं चौदावं कलम समजावलं, आणि चांगलं समजावलं. जे सारखे आहेत त्यांना सरकारने सारखंच वागवलं पाहिजे. सरकारला गट पाडता येतात, पण त्या गटामागे कारण हवं, आणि त्या कारणाचा योजनेशी संबंध हवा. पाणीटंचाई हे कारण झालं, तालुक्याची शीव हे कारण नव्हे.

"पण हे दाखवायला मला एक गाव द्या," साहेब म्हणाले. "ओढ्यापलीकडचं, ज्याला अनुदान मिळालंय, आणि जे सगळ्या बाबतीत तुमच्यासारखं आहे."

उपसरपंच म्हणाले, "ते शोधायचं कामून साहेब? बाईंचं माहेर हाय की. सोयरीक जमवताना आमच्या मंडळींनी सारं तोलून बघितलंय. शिवार तेवढंच, उंबरा तेवढाच. तोलामोलाचं गाव हाय."

साहेब लिहून घ्यायला लागले आणि मी सांगत सुटले. माहेरचा विषय निघाल्यावर कुठल्या बाईची जीभ थांबते? गावाला विहीर कुठे, ती कधी आटते, हातपंप कुठले चालतात, टँकर आला की पहिला हंडा कोण लावतं. हायकोर्टाच्या वकिलासमोर माझ्या माहेराचं वर्णन चाललंय याचंच मला अप्रूप. याचिकेत माझं माहेर प्रतिवादी झालंय हे तयार कागद हातात आल्यावर कळलं. साहेब म्हणाले, ज्याचा लाभ जाऊ शकतो त्याला पक्षकार करावंच लागतं.

"म्हणजे त्यांचं अनुदान जाईल?"

"आपण दोन्ही मागतोय, बाई. आम्हालाही द्या, नाहीतर ही योजनाच रद्द करा. मागायची पद्धतच ती असते."

पद्धत असेल म्हणून मी सही केली.

पहिल्याच सुनावणीला खंडपीठाने पुढच्या तारखेपर्यंत 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. अनुदान वाटणं थांबलं. साहेब खूश होते. वाटून संपल्यावर भांडायचं कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात पेढे वाटले. ओढ्यापलीकडे माझ्या माहेरी ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी जेसीबी नेला. पाइप टाकायला गल्लीतून खणलेला चर तसाच उघडा राहिला. आमच्या घराच्या दारासमोर भावाने चरावर फळी टाकली आणि घरातली माणसं त्या फळीवरून ये-जा करू लागली. चौदाव्या कलमाप्रमाणे दोन्ही गावं सारखी झाली होती. इकडे पाणी नाही, तिकडेही नाही.

वहिनीचा फोन आला. ती कधी भांडत नाही, म्हणून तिचं बोलणं जास्त लागतं. म्हणाली, "ताई, पाण्याला निघालं की तुमची याद येती बघा." मी ग्रामसभेत विषय काढला, की योजना रद्द करायची मागणी तेवढी काढून टाकू. मागून कुणीतरी म्हणालं, "आला का बाईला माहेरचा पुळका!" आणि सगळी सभा हसली. मागणी काढायची तर नवा ठराव हवा, ठराव होईना. तोवर अलीकडची आणखी काही गावं याचिकेत सामील झाली होती. साहेब म्हणाले, आता ही याचिका तुमच्या एकट्या गावाची राहिली नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझ्या नशिबी दोन्ही कोरडे. पुढे जावं तर माहेर बुडतं, मागे फिरावं तर सासर मला फितूर म्हणतं, आणि मधे उभं राहायला वीतभरही जागा नव्हती. चिडचिड इतकी व्हायची की मी पुंडलिकनगरच्या खोलीत भांडी आपटून घासायची आणि मुलगी पुस्तक घेऊन गच्चीवर जायची.

अशात एके दिवशी दुपारी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. धोतर, टोपी, हातातल्या पिशवीत हुरडा. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण आबा हसत होते. खुर्चीवर बसून टोपी काढली आणि म्हणाले, "तुझ्या विरोधात सही करून आलो बघ."

आबांनी आपणहून सगळं सांगितलं. त्यांच्या गावालाही कोर्टात उत्तर द्यायचं होतं. दोन्ही गावं सारखी नाहीत, एवढं दाखवलं की झालं. तिथला सरपंच त्यांच्याकडे आला, कारण आमचं गाव नीट पाहिलेलं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं.

"म्या म्हणलं, खरं तेच सांगंन," आबा म्हणाले. "लेक द्यायच्या आधी मी सोता गेलतो. तुमच्या बारवंत उतरलो, वंजळीनं पाणी पिलो. वरच्या पायऱ्यांला लागलं व्हतं पाणी. पाणी बघून लेक दिली म्या. तसंच लिवलं त्यांनी, मला वाचून दाखवलं. तुला राग नाय ना आला?"

"नाही आबा."

"खोटं काय बी नाय लिवलं. अनुदानासाठी समदीच गावं टंचाई लिवत्यात, त्याचं काय नाय. तुमच्या गावाला पाणी हाय, आमच्याला नाय, म्हून आम्हाला अनुदान. यात तुझी इज्जतच हाय की गं."

नळ त्या आठवड्यात आलाच नव्हता. मी ड्रममधलं पाणी तांब्याने काढून त्यांना दिलं, चहा केला. आबांनी पाणी पिऊन मिशी पुसली आणि शहराच्या पाण्याला चव नाही म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या गावचं पाणी लई गोड."

त्याच वेळी बोलायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याने माझ्या जागी एकदा बसून बघावं.

आबा बारव बघायला आले होते ते मार्गशीर्षात. मार्गशीर्षात मराठवाड्यातल्या कुठल्या बारवेत पाणी नसतं? कुणी त्यांना फसवलं नाही. जे होतं ते त्यांनी पाहिलं आणि खुशीने सोयरीक केली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याच बारवेच्या तळाशी आम्ही बाया वाटीने पाणी खरवडून घागरीत भरत होतो. चैत्र संपेपर्यंत तेही संपलं. मग शिवारातल्या लांबच्या विहिरीवर जायचं, नाहीतर टँकरची वाट बघायची. तेव्हापासून दरवर्षी हेच.

पण सासरचं उणं माहेरी न्यायचं नाही, हे आईने पाठवणीच्या वेळी कानात सांगितलं होतं. आणि आबा दरवर्षी यायचे ते नेमके कडक उन्हात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी न्यायला. ते येणार असं कळलं की आमच्या गल्लीत धावपळ उडायची. शेजारी एक मुसलमान कुटुंब आहे. त्या घरच्या बाईला मी आपा म्हणते. त्यांच्या मळ्यातली विहीर थोडी जास्त टिकते. आपा भिंतीवरून हाक मारायची, "तेरे अब्बा आरे क्या? ले जा, रांजण पूरा भर दे. आधा नक्को दिखना." आपाचं पाणी, समोरच्या काकूंची एक घागर, पलीकडच्या घरची एक कळशी, असं करून माझा रांजण काठोकाठ भरायचा. ज्या बायका एरवी टँकरपाशी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या त्या या एका कामाला मुकाट पाणी द्यायच्या. त्यांच्याही घरी कुणाचे ना कुणाचे वडील यायचेच. तेव्हा मी घागर नेऊन द्यायची. तो आमच्या गल्लीचा रिवाजच होता, त्यावर कधी कोणी बोललं नाही.

आबा उन्हातून येत. मी बादलीभर पाणी दारात ठेवी. ते सावकाश पाय धूत, टाचा घासत, उरलेलं पाणी अंगणातल्या जाईला घालत. मग आत येऊन रांजणावरचं झाकण उचलून बघत आणि म्हणत, "बेस गाव दिलं तुला." पण पीत मात्र नसत. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांनी कसोशीने पाळलं. मुलगी झाली त्या वर्षी त्यांनी माझ्या घरी पहिल्यांदा पेलाभर पाणी घेतलं, डोळे मिटून प्यायले आणि म्हणाले, "गोड हाय गं." ते आपाच्या विहिरीचं होतं. आपा भिंतीपलीकडे उभी राहून ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

आबांजवळ जगाला सांगण्यासारखं फार काही नव्हतं. थोडी जमीन, एक मुलगा, एक मुलगी. पण कुणाच्या सोयरिकीची बोलणी निघाली की ते पुढे सरसावून सांगत, पोरगी द्यायची तर पाणी बघून द्या, माझ्यासारखी. तेवढी एक गोष्ट आयुष्यात आपण बिनचूक केली असं ते धरून चालले होते. ती मी हायकोर्टात शपथेवर मोडायची होती.

साहेबांनी आबांचं शपथपत्र माझ्यापुढे ठेवून त्यावर पेनाने टकटक केली. "सरकारी वकील यावरच बोट ठेवणार. दोन्ही गावं सारखी नाहीत, हे खुद्द सरपंचबाईंचे वडीलच सांगतायत म्हणून. याला उत्तर द्यावं लागेल."

मी म्हटलं, उपसरपंच देतील. आपा द्यायला तयार आहे. गल्लीतली कुठलीही बाई देईल.

"सगळ्यांची घेऊ. पण हे तुमच्या लग्नाबद्दल आहे, बाई. तुम्ही गप्प राहिलात तर ते तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल. मग केस तिथेच संपली."

"माझं उत्तर प्रतिवादींना द्यावं लागतं का?"

"प्रत द्यावीच लागते. प्रत्येकाला."

मी मालकांकडे पाहिलं. ते फरशीकडे बघत बसले होते. मला माझ्या वडिलांचं पडलं होतं, पण या माणसालाही त्या कागदावर स्वतःच्या घराची लाज मांडली गेलेली बघावी लागणार होती. मग मालक म्हणाले, "लिही तू. खरं हाय ते लिही. गावातल्या लेकरांला पाणी मिळंल, माझी लाज काय कामाची हाय?" वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्यांचा मला इतका राग कधी आला नव्हता. ते नको म्हणाले असते तर मला सुटायला एक फट मिळाली असती.

मी सगळं सांगितलं. बारवेचा तळ, वाट्या, टँकर, आणि वडील येणार असले की रांजण कसा भरायचा, तेही. साहेबांचा हात लिहिताना दोनदा थांबला. शेवटी मी म्हटलं, एक वाक्य घाला. माझे वडील खोटं बोललेले नाहीत, त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, पुढचं त्यांना कुणी दिसू दिलं नाही. साहेब म्हणाले, कायद्याच्या दृष्टीने याची गरज नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही. ते वाक्य राहिलं. सही करून जिना उतरल्यावर समोरच्या रसाच्या गाडीपाशी मला रडू फुटलं, भर बाजारात, आणि मालक माझ्या पुढ्यात आडोशाला उभे राहिले.

प्रत माहेरी पोचली असणार. तिकडून काही निरोप आला नाही. वहिनीचा फोनही बंद झाला. कोर्टात सरकारने उत्तराला मुदत मागितली, मग पुन्हा मागितली. कधी आमचा नंबर येण्याआधी दिवस मावळला, कधी दुसऱ्याच न्यायमूर्तींपुढे प्रकरण गेलं. 'जैसे थे' तेवढं कायम राहिलं. त्या शब्दाचा मला वीट आलाय. माहेरचा चर अवकाळी पावसात ढासळला, तो पुन्हा उकरून पुन्हा फळी टाकली, असं तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

यंदा आखाजी आली. आबा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आदल्या दिवशी शेजारच्या मुलाकरवी निरोप आला, येतोय म्हणून. आपाने भिंतीवरून विचारलं, "भरना क्या रांजण?" मी म्हटलं, नको आपा. तिने घागर उचलली आणि आत गेली.

आबा भर दुपारी आले. मी पिण्यापुरतं रांजणात ठेवून उरलेलं पाणी बादलीत घालून दारात ठेवलं, अर्धी बादलीसुद्धा भरली नाही. ते बादलीजवळ थांबले आणि तसेच ओलांडून आत आले. धुळीच्या पायांनी माझ्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी रांजणाचं झाकण उचललं, आत वाकून पाहिलं, आणि आवाज होणार नाही असं बेताने परत ठेवलं. मी पेला भरून पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, बघत राहिले आणि परत रांजणात ओतला.

"आबा, एवढं तरी घ्या."

"ऱ्हाऊ दे. तुला लागंल."

मालक बाहेर गोठ्याकडे निघून गेले. आबा भिंतीला टेकून बसले. मी वाट बघत होते की ते ओरडतील, विचारतील, कामून सांगितलं नाही म्हणून. उत्तर माझ्याकडे तयारही होतं. त्यांनी विचारलंच नाही.

"या वर्षी न्यायला नाय आलो," ते म्हणाले. "सांगायला आलो. तिकडं बी पाणी नाय. तू आलीस तर तुझी वैनी तुझ्यासाठी रांजण भरंल, अन् मंग आठ रोज वनवन करंल. मला ठावं झालंय आता, कसं भरत्यात ते. तू इथंच ऱ्हा."

माहेर बंद झालं आणि ते बंद करणाऱ्या कागदावर सही माझीच होती, तीही सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून केलेली.

उन्हं जरा उतरल्यावर ते उठले. एसटी चुकायला नको म्हणाले. मी दारापर्यंत गेले. बादली तिथेच होती, त्यातल्या पाण्यावर जाईची दोन पानं पडली होती. आबांनी वाकून ती पानं काढली आणि बादली उचलून आत सावलीला ठेवली. मग उंबऱ्यापाशी उभे राहून स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "एवढ्या वर्सांत म्या तुझ्या दारात किती पाय धुतले गं."